लस नको म्हणणाऱ्या आईसमोर बसताना

धुळे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या उपकेंद्रावर तू रुजू झालीस आणि पहिल्याच लसीकरण सत्राला यादीतल्या चार आयांनी बाळांना आणले नाही, हे तुझ्या पत्रातून कळले. ‘लोक अडाणी आहेत’ असे तू लिहिले आहेस. तो शब्द मनातून काढून टाक. तो खरा नाही आणि मनात असला की चेहऱ्यावर दिसतो. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू हॉर्नसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ देशांतील पाच हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास करून २०१८ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत लसविरोधाशी शिक्षणाचा संबंध जवळजवळ नव्हताच. कटकारस्थानांवर विश्वास ठेवण्याची वृत्ती, बळजबरी होताच उसळणारा विरोध, रक्त आणि सुई यांची किळस यांच्याशी मात्र तो संबंध ठळकपणे दिसला. जळगावच्या सुशिक्षित वसाहतींत आणि धडगावच्या पाड्यांवर मला ही सारी माणसे सारखीच भेटली आहेत.

सुईच्या भीतीबद्दल कुणी बोलत नाही. सुई पाहून काहींची नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. धिप्पाड गड्याला ते कबूल करण्याची लाज वाटते, म्हणून तो लशीतच खोट काढतो. अशा माणसाशी वाद घालू नकोस. त्याला आडवे होऊ दे आणि लोकांच्या नजरेआड टोच.

मला जे उशिरा कळले, ते तुला आधी कळावे असे वाटते. कापूस वेचणीच्या दिवसांत शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावी एक आई दार अडवून उभी होती. ‘मना पोऱ्याले ताप उना,’ (माझ्या पोराला ताप आला) एवढेच ती म्हणत राहिली आणि मी तिला घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात अशी नावे ऐकवत राहिले. अखेर थकून मी ओट्यावर बसले, तेव्हा ती बोलू लागली. पेंटाव्हॅलंटच्या, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लशीच्या, पहिल्या डोसाच्या वेळी बाळाचा पाय तिनेच घट्ट धरला होता. रात्री त्याचे अंग तापले, मांडीवर गाठ आली, दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडाली आणि सासूने ‘तूच नेले होतेस’ असे सुनावले. तिला लशीविषयी शंका नव्हतीच. आपल्या हातून झालेला लहानसा त्रास माणसाला बोचत राहतो, पण काहीच न केल्याने ओढवलेले मोठे दुखणे नशिबाच्या खात्यावर जमा होते. इलाना रिटोव्ह आणि जोनाथन बॅरन यांनी १९९० मध्ये लसीकरणाचेच उदाहरण घेऊन माणसाचा हा कल दाखवून दिला होता. म्हणून टोचण्यापूर्वीच, आणि सासू समोर असताना, सांगत जा की ताप येऊ शकतो, तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, गाठ चोळायची नाही आणि औषध किती द्यायचे. आधी सांगितलेला ताप आईच्या माथी मारला जात नाही.

भीती घालण्याचा उपयोगही मर्यादितच असतो. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला. आजच्या तरुण आईने पोलिओने लुळा पडलेला बालकाचा पाय पाहिलेलाच नसतो, तर ताप तिने स्वतः रात्रभर जागून पाहिलेला असतो.

बळजबरीविषयी माझीच चूक सांगते. एका मोहिमेत मी एका बापाला रेशन बंद होईल अशी धमकी दिली. त्याने त्या दिवशी बाळ पुढे केले, परंतु पुढे झालेल्या दोन्ही मुलांना त्याने उपकेंद्राची पायरी चढू दिली नाही. निवड हिरावली जाते असे वाटले की माणूस ती परत मिळवण्यासाठी झटतो, हे जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्येच मांडले होते. मला ते त्या दोन मुलांमुळे कळले आणि अजून सलते. तू मात्र ‘बुधवारी आणता की पुढच्या सत्राला?’ असे विचार.

अफवेचे उत्तर देण्याआधी ती कुणाकडून ऐकली, ते विचारून घे. सांगणारा भावकीतला असेल, तर तुझ्या शब्दापेक्षा अंगणवाडी ताईचा शब्द अधिक चालेल.

दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबे गुजरातकडे निघतील. त्याआधी त्या चारही घरी, रजिस्टर न उघडता, जाऊन ये. मागच्या डोसानंतरची रात्र कशी गेली, एवढेच आधी विचार. कोणत्या घरी काय निघाले, ते मला कळव.

तुझी,
बाई