वाचकांचे प्रश्न : तुरुंग दक्षिणेत, तफावत उत्तरेत?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मिल्वॉकी येथे राहतो. तेथील काही कृष्णवर्णीय वस्त्यांत तुरुंगाशी संबंध न आलेले घर विरळाच, असे तो सांगतो. वर्णभेद दक्षिणेकडील राज्यांत अधिक, असे आम्ही वाचत आलो. मग विस्कॉन्सिनमध्ये असे का? आणि याची झळ घरच्यांना कितपत बसते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळी मापे एकत्र आली आहेत. दर लाख लोकसंख्येमागे किती जण तुरुंगात आहेत, हे पाहिले तर लुइझियाना व मिसिसिपी ही दक्षिणेकडील राज्ये अनेक वर्षे अग्रभागी आहेत आणि मॅसॅच्युसेट्स, मेन तळाशी. मात्र कृष्णवर्णीयांचा दर गोऱ्यांच्या किती पट आहे, हे विचारताच क्रम पालटतो. ‘द सेंटेन्सिंग प्रोजेक्ट’ या संस्थेच्या २०२१च्या अहवालानुसार राज्यांच्या तुरुंगांत ही तफावत देशभरात जवळजवळ पाचपट होती, तर विस्कॉन्सिन, न्यू जर्सी, मिनेसोटा यांसारख्या सात राज्यांत, आणि त्यांत मेनही आले, ती नऊपटींहून अधिक होती. विस्कॉन्सिनमध्ये तर दर ३६ कृष्णवर्णीय प्रौढांमागे एक जण तुरुंगात होता. लुइझियानातील गुणोत्तर त्या मानाने लहान दिसते ते तेथे न्याय अधिक आहे म्हणून नव्हे, तर गोऱ्यांनाही तेथे सढळ हाताने तुरुंगात धाडले जाते म्हणून. तेथे राज्याचे साधारण निम्मे कैदी स्थानिक शेरीफांच्या (निवडून आलेल्या पोलीसप्रमुखांच्या) ताब्यातील तुरुंगांत राहतात आणि दर कैद्यामागे रोजचे ठरावीक पैसे शेरीफच्या कार्यालयाला मिळतात. अशा व्यवस्थेत कोठड्या रिकाम्या व्हाव्यात अशी घाई कोणाला असणार?

घरच्यांविषयी सांगायचे तर, संशोधक पीटर एन्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत ४५ टक्के प्रौढांच्या अगदी जवळच्या कुटुंबातील कोणी ना कोणी कधीतरी कैदेत राहिलेले आढळले. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण ६३ टक्के, गोऱ्यांत ४२ टक्के होते आणि ईशान्येपेक्षा दक्षिणेत व पश्चिमेत ते अधिक होते. यात एका रात्रीची कैदही धरली आहे, हे आकडा उद्धृत करताना सहसा सांगितले जात नाही. तरीही ती एक रात्र क्षुल्लक नसते. कामाची पाळी चुकली तर नोकरी जाऊ शकते.

दीर्घ शिक्षेत खर्चाचा भार बहुधा आई, बहीण किंवा पत्नीवर पडतो. लुइझियानातील अँगोला तुरुंग पूर्वीच्या गुलामांच्या मळ्याच्या जागेवर, तीन बाजूंनी मिसिसिपी नदीने वेढलेला आहे; न्यू ऑर्लिन्सहून मोटारीने दोन तासांहून अधिक लागतात, आणि मोटार नसेल तर भेटच दुरापास्त. मग उरतो फोन, आणि त्याचे पैसेही बहुतेक ठिकाणी घरच्यांनीच भरायचे. कनेक्टिकटने २०२१ मध्ये कायदा करून तुरुंगातील फोन मोफत केले. असे करणारे ते पहिले राज्य.

सर्वांत कठोर तरतूद मात्र मुलांविषयीची आहे. १९९७च्या संघीय कायद्यानुसार मूल २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखरेखीखालील पालकगृहात राहिले, तर आईवडिलांचे पालकत्व संपवण्यासाठी राज्याने न्यायालयात जावे, असा सर्वसाधारण नियम आहे. दोन वर्षांची शिक्षा ही मुदत सहज ओलांडते. मूल आजी किंवा मावशीकडे असेल, तर राज्याला अपवाद करता येतो, त्यामुळे अटकेनंतर मुलाची रवानगी कोणाकडे होते यावर पुढचे बरेच काही ठरते.