फोमच्या विमानाची बिजागरी सारखी सुटते

प्रश्न : काका, मी बारावीत आहे. ईपीओ या चिवट फोमचं रेडिमेड, रिमोटवर उडणारं ट्रेनर (शिकाऊ) विमान घेतलं होतं. एलिव्हेटर (शेपटीवरचा वर-खाली हलणारा पट्टा) जिथे वाकतो तिथे फोमला चीर गेली आणि तो निम्मा सुटला. त्यावर खाकी पॅकिंग टेपचे तीन थर दिले, पण आमच्याकडच्या उन्हात तेही उचकटले. याहून मजबूत टेप कुठली? आता सनपॅकचं (जाहिरातीच्या फलकांचं, आत पोकळ नळ्या असलेलं प्लास्टिक) विमान करायचं मनात आहे. त्याची बिजागरी कशी करू? – एक वाचक, जळगाव

उत्तर : आधी टेपवरचा आळ काढतो. ती पट्टी पॉलिप्रॉपिलीनची असते. शाम्पूच्या बाटलीचं एकसंध टोपण बहुधा त्याच प्लास्टिकचं, आणि ते हजारो वेळा उघडलं-मिटलं तरी तुटत नाही. तुझी टेपही दुमडून तुटलेली नाही, तिचा गम सरकलाय. मे महिन्यातल्या जळगावात गडद खाकी रंग चांगलाच तापतो, गम मऊ पडतो आणि सर्व्हो (एलिव्हेटर हलवणारी छोटी मोटर) त्याला ओढत राहतो. त्यात ईपीओवर कधी कधी साच्यातलं तेलकट द्रव्य राहिलेलं असतं. थर वाढवल्याने बिजागरी फक्त ताठ होते, सर्व्हो घुरघुरतो आणि एलिव्हेटर नेमका मध्यावर परत येत नाही.

तेव्हा सगळी टेप काढ आणि एलिव्हेटर पूर्ण कापून वेगळा कर. अर्धवट लटकलेल्या फोमचा मोह नको. एलिव्हेटरच्या पुढच्या कडेला खालच्या बाजूने ४५ अंशांचा उतार दे, कटरचं पातं मात्र कोरं हवं. पॉलिश पेपर मारलास तर भुकटी पूर्ण झटक, नाहीतर टेप भुकटीला चिकटते, फोमला नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकू दे.

टेप मेडिकलमधून आण. सर्जिकल टेप, पण कागदी नको, पारदर्शक प्लास्टिकची. दोन्ही भाग सपाट ठेव, मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट सोड, आणि वरून सलग पट्टी लाव. चमच्याच्या पाठीने घासून बसव. आता खरी गंमत : एलिव्हेटर वरच्या बाजूला पूर्ण उलटा घडी घाल. दोन्ही कडा उघड्या पडतील. त्यांच्यावर आतून दुसरी पट्टी लाव. फटीत दोन्ही पट्ट्यांचे गम एकमेकांना भेटतात आणि उचकटायला टोकच उरत नाही. बहुतेक मुलं ही दुसरी पट्टी गाळतात आणि मग टेपच्या कंपनीला शिव्या घालतात.

सर्व्होची तार जोडण्याआधी विमान आडवं धर. एलिव्हेटर स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकला तर बिजागरी ताठ आहे, ती पुन्हा कर. फार सैल किंवा मोठ्या फटीची बिजागरी त्याहून वाईट. वेगात खाली येताना फर्रर्र असा आवाज आला तर थ्रॉटल लगेच कमी कर. ते फ्लटर आहे, म्हणजे पट्ट्याचं जोरात फडफडणं, त्यात शेपूट तुटून जाते.

एलेरॉनची (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांची) मूळ फोमची बिजागरी शाबूत असेल तर कापू नकोस, वरून एक पट्टी पुरे. पुढे नवं विमान घेशील तेव्हा तार जोडण्याआधी प्रत्येक हलणारा पट्टा हाताने हळूहळू वर-खाली वाकवून मोकळा कर. घट्ट फोम एकदम सर्व्होने वाकवला की चीर तिथूनच सुरू होते. बाल्सा या हलक्या लाकडाच्या जमान्यात आम्ही दोऱ्याने इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे टाके घालायचो. बाल्सावर ते छान चालतात, मऊ फोममध्ये मात्र दोरा कापत जातो.

सनपॅकचं काम सोपं. त्याच्या शीटमधल्या नळ्या बिजागरीच्या रेषेला समांतर येतील असा तुकडा काढ. मग एकाच नळीवर, वरचा पापुद्रा तसाच ठेवून फक्त खालचा काप. उरलेला पापुद्राच बिजागरी, टेप नको, गम नको. सनपॅकही पॉलिप्रॉपिलीनच, त्यामुळे ती विमानाहून जास्त टिकेल. वजन मात्र फोमपेक्षा भरपूर येतं, मोटर त्या हिशोबाने घे.

आणि गमाचं : हॉर्न (सर्व्होची तार जोडायचा छोटा दांडा) बसवताना ईपीओला फेव्हिक्विक चालतं, थर्माकोलवर ते टाकलंस तर फोम विरघळून भोक पडेल. तिथे पांढरं फेव्हिकॉल, आणि रात्रभर वाळू दे.