‘व्हेंटिलेटर हवा का?’ हा प्रश्न शेवटी विचारा

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे आहेत. फुफ्फुसांचा फायब्रोसिस (फुफ्फुसं कडक होत जाण्याचा आजार) बराच वाढलाय, घरी ऑक्सिजन चालू असतो. दोन महिन्यांत दोनदा ॲडमिट झाले. ‘पुढच्या वेळी काय करायचं ते बोलून ठेवा,’ असं डॉक्टर म्हणतात. ताईला वाटतं, विषय काढला तर बाबा खचतील. काय करावं?

उत्तर : बाबांच्या मनात हा विषय बहुधा आधीपासून असेल. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते गप्प, त्यांना वाटू नये म्हणून तुम्ही.

ॲडमिट असताना बोलू नका. घरी आल्यावर आठवड्याभराने, धाप कमी असेल तेव्हा पंधरा-वीस मिनिटं पुरेत. आधी विचारा, ‘बाबा, मागच्या वेळी आमची फार धांदल उडाली. पुन्हा तशी वेळ आली तर तुम्हाला काय हवं, ते बोलूया का?’ नको म्हणाले तर तिथेच थांबा. फक्त ‘तुमच्या वतीने डॉक्टरांशी कोणी बोलायचं?’ एवढं विचारून घ्या.

बोलायला तयार झाले तर आजाराबद्दल त्यांना काय समजलंय, ते आधी ऐका. मग भीती कशाची वाटते? कोणती अवस्था आली तर जगणं नको वाटेल? आणखी काही दिवस मिळावेत म्हणून किती सोसायची तयारी आहे? ‘तुम्हीच ठरवा’ हे उत्तर हमखास येतं. त्यावर म्हणा, ‘ठरवू, पण तुमच्या मनासारखं ठरवता यावं म्हणून विचारतोय.’

यंत्रांचा विषय यानंतर. नुसतं ‘व्हेंटिलेटर हवा की नको’ विचारून काही कळत नाही, कारण तो कशासाठी लावतात यावर सगळं अवलंबून असतं. बऱ्या होणाऱ्या आजारात तो मधला आधार असतो. फायब्रोसिस पुढे गेला की फुफ्फुसं पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे लावलेला व्हेंटिलेटर निघणं अवघड. तरी प्रयत्न करायचाच असेल, तर तीन ते पाच दिवसांची मुदत आणि काय सुधारलं तर पुढे जायचं, हे डॉक्टरांशी आधीच ठरवा. मुदत नसली की दिवसांमागून दिवस जातात आणि श्वासाची नळी बसवायला गळ्याला छिद्र पाडायची सही मागितली जाते.

सीपीआरमध्ये, म्हणजे थांबलेलं हृदय पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात, छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबतात. बरगड्या बऱ्याचदा मोडतात, आणि हृदय सुरू झालं तरी फुफ्फुसं तीच राहतात. सीपीआर नको म्हणजे उपचार बंद, असं मुळीच नाही. ऑक्सिजन, अँटिबायोटिक, धापेसाठी मॉर्फिन हे सगळं चालू राहतं. योग्य मात्रेतल्या मॉर्फिनने मरण लवकर येत नाही. बद्धकोष्ठता मात्र होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबतच मागून घ्या.

बाबांचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहा. निर्णय घेणारी एक व्यक्ती, तिच्या गैरहजेरीत दुसरी, दोघांचे फोन नंबर. अशा इच्छा नोंदवायचा कायदेशीर नमुना जागेनुसार बदलतो, तो हॉस्पिटलमध्ये विचारा. कागद कपाटात ठेवू नका. फाइलच्या पहिल्या पानावर आणि सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. ताईला या बोलण्यात आत्ताच बसवा. शेवटच्या दिवशी ‘सगळं करा’ म्हणणारं माणूस बहुतेक वेळा आधीच्या बोलण्यात नसतं.

प्रश्न : आईचा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) शेवटच्या टप्प्यात आहे, खाणं जवळजवळ थांबलंय. भाऊ विचारतो, ‘पोटात अन्न द्यायची नळी नाही घातली तर उपाशी ठेवायचं का?’

उत्तर : या टप्प्यात नळीने आयुष्य वाढत नाही, आणि लाळ श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनियाही टळत नाही. शिवाय नळी ओढू नये म्हणून हात बांधायची वेळ येते. भूक मंदावणं हा आजाराचाच भाग आहे, हे भावाला डॉक्टरांकडूनच ऐकू द्या. आई जागी असताना, पाठ ताठ ठेवून, मागेल तितकेच छोटे घास भरवा. नंतर अर्धा तास आडवं करू नका. नको म्हणाली तर ओठ-तोंड ओलं ठेवणं पुरे. भावाशी बोलताना ‘तुला काय वाटतं?’ असं विचारू नका. ‘आईला बोलता आलं असतं तर ती काय म्हणाली असती?’ असं विचारा.