माजघरातला आवाज

प्रश्न : देवरुखजवळचं आमचं घर वडील गेल्यापासून बंद असतं. मे महिन्यात गेलो तेव्हा भावाने रात्री माजघरात मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. सकाळी ऐकलं तर दीडच्या सुमाराला कुणीतरी ‘ये गं’ म्हणतंय. बाबा मला असंच बोलवायचे. भाऊ आता के-टू मीटर आणि स्पिरिट बॉक्स ही भुतं शोधायची यंत्रं मागवतोय. घ्यावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, ते पैसे वाचवा. के-टू मीटर विजेच्या तारांभोवतीचं विद्युतचुंबकीय क्षेत्र दाखवतो. खिशातल्या मोबाइलनेही त्याचे दिवे लागतात. स्पिरिट बॉक्स रेडिओची स्टेशनं भराभर पालटतो, मग निवेदकांचे तुटके शब्द येणारच.

रेकॉर्डिंगचं मात्र नीट सांगतो, माझी नोकरीची सगळी वर्षं त्यातच गेली. १९५९ साली स्वीडनमध्ये फ्रीडरिश युर्गेन्सन हे चित्रकार पाखरांचे आवाज टेपवर घेत होते, त्यात त्यांना माणसाचं बोलणं ऐकू आलं. पुढे कॉन्स्टँटिन राउडिव्ह या लॅटव्हियन लेखकाने असे हजारो आवाज जमवले. त्यांना ऐकू येणाऱ्या एकेका वाक्यात अनेक भाषांची सरमिसळ असे, आणि राउडिव्ह स्वतः बहुभाषक होते! मी याला लबाडी म्हणणार नाही. पुसट आवाजात कान ओळखीचा शब्द शोधतोच. त्यात मोबाइल भर घालतो : शांतता झाली की तो आपोआप आवाज चढवतो, मग कौलं निवतानाची करकरसुद्धा कानाशी येते.

वाईच्या एका वाड्यात ओव्या रेकॉर्ड करायला गेलो होतो. रात्रीच्या टेपवर कुणी म्हातारं माणूस घरघरत श्वास घेतंय असं आलं. अंगावर काटा आला माझ्या. दुसऱ्या रात्री हेडफोन लावून जागा राहिलो. माडीच्या वळचणीला गव्हाणी घुबडाची पिल्लं होती.

तेव्हा पुन्हा जा, पण दोन रेकॉर्डर घेऊन. एक माजघरात, एक पडवीत. ऑटो गेन, म्हणजे ते आपोआप आवाज चढवणं, बंद; फाइल डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता ठेवणारी. दोन्हींच्या बरोबर मधोमध उभं राहून सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवा, म्हणजे फाइली जुळवता येतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दहा मीटरला जवळजवळ ३० मिलिसेकंद लागतात. पडवीत आधी पोचला असेल तर तो बाहेरून आलाय, हे संगणकावर स्पष्ट दिसतं. खोकलात, कूस बदललीत तरी तसं मोठ्याने बोला. सकाळी आठवत नाही.

जुना तुकडा पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज करूनही पाठवू नका, त्यात आवाज आणखी दाबला जातो. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा आणि तीन जणांना वेगवेगळं बसवून, काहीही न सांगता ऐकवा. जे ऐकू येईल ते त्यांनी कागदावर लिहायचं.

मी त्यातला एक होऊ शकत नाही. तुमचं पत्र वाचून ‘ये गं’ माझ्या कानात बसलंय. हवं तर पेन ड्राइव्ह मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. माझ्या एका जुन्या सहकारी बाईंचा कान फार तयार आहे, त्यांना ऐकवतो. पत्र त्यांना दाखवणार नाही.