तीन दिवसांच्या उपवासाआधी
केटो आहार, म्हणजे अगदी कमी कर्बोदकांचा आहार, सुरू करताना पहिल्याच आठवड्यात तीन दिवसांच्या उपवासाचा जो बेत तुम्ही आखला आहे, तो तूर्त बाजूला ठेवावा. रात्रीचे जेवण साडेसातला आटोपून सकाळी साडेनऊपर्यंत काही न खाणे, एवढी सुरुवात पुरेशी आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घेतल्याशिवाय एकही जेवण टाळू नये. रक्तातील साखर एकाएकी घसरू शकते.

नवखे बहुधा येथे चुकतात:

- पोळी-भात सोडतात आणि साबुदाण्याची खिचडी चालू ठेवतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.
- मीठही तोडतात. कर्बोदके कमी झाली की मूत्रपिंडे अधिक सोडियम बाहेर टाकतात, त्यामुळे डोके दुखते आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसल्यास ताकात चिमूटभर मीठ घालून प्यावे, मला त्याचाच गुण आला.

केटोन, म्हणजे चरबी जळताना शरीरात तयार होणारे पदार्थ, मोजण्याच्या पट्ट्या इतक्यात विकत घेऊ नयेत.