कार्ड पाच लाखांचं, मग गोळ्या विकत का?

प्रश्न : आदरणीय ताई, आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मूसाखेडीहून येतात. वय छप्पन्न. परवा कणीक मळता मळता त्यांना गरगरलं. जवळच्या खासगी डॉक्टरांकडे नेलं तर बीपी १७० निघालं. फी आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळून सातशे रुपये झाले. मावशींनी पदराच्या गाठीतून आयुष्मान कार्ड काढून डॉक्टरांपुढे ठेवलं, पण ते म्हणाले, इथे चालत नाही. मावशी तेव्हापासून म्हणतात, "पाच लाखांचं कार्ड आहे ना माझ्याकडे, मग सातशे कशाचे?" मला उत्तर देता आलं नाही. — एक गृहिणी, सुदामानगर

मावशींचा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्या कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. बाहेरून दाखवून घरी जायचं, गोळ्या घ्यायच्या, याला ते कार्ड नाही. म्हणजे मावशींना उद्या अर्धांगाचा झटका आला तर सरकार लाखभर खर्च करेल. तो झटका टाळणारी गोळी त्यांना कार्डावर मिळत नाही. तेवीस वर्षं खेड्यात आणि नऊ वर्षं इंदूरच्या वस्त्यांत आरोग्यसेवेचं काम करताना मी हा घोळ रोज पाहिला आहे, आणि तो समजावून सांगायला घरोघरी कुणी गेलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मावशींची गोळी मिळते ती दुसऱ्या दारात. आपल्याकडे मध्य प्रदेशात त्या सरकारी दवाखान्याला संजीवनी क्लिनिक म्हणतात. पहिलं २०१९ च्या डिसेंबरात आपल्याच निपानियात उघडलं. केंद्राच्या कागदांवर अशा दवाखान्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. २०१८ मध्ये ती 'हेल्थ अँड वेलनेस सेंटर' या नावाने सुरू झाली आणि २०२३ मध्ये नाव बदललं. नाव काहीही असो, मावशींना तिथे तपासणी, बीपी आणि साखर मोजणं, गोळ्या, सगळं फुकट मिळायला हवं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी, साखर, शिवाय तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी करायची, असं तिथल्या कामातच लिहिलेलं आहे.

आता तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. मावशींना पहिल्यांदा एकटं पाठवू नका, सोबत जा. समग्र आयडी (राज्य सरकारचा ओळख क्रमांक), आधार आणि खासगी डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असू द्या. दुसरं, जाण्याआधी वेळ विचारून घ्या. आणि महिन्यातून एकदा गोळ्या आणायला त्यांना अर्धा दिवस पगारी सुटी द्या. हे शेवटचं मी मुद्दाम सांगते आहे. सकाळी सातला घर सोडून चार घरी पोळ्या लाटणारी बाई दिवसाच्या दवाखान्यात जाणार कधी? तिचा दवाखाना आपल्या स्वयंपाकघरामुळे बुडतो.

आणि गोळी मधेच बंद करू देऊ नका. गरगरणं थांबलं की बायका म्हणतात, "आता बरी आहे मी." बीपी दुखत नाही, म्हणून तर ते घात करतं.

प्रश्न : ताई, आमच्या बागेला लागून नवा दवाखाना बांधला आहे. पाटीवर निधीचं काहीतरी लिहिलं होतं, ते पुसट झालं. हा पैसा येतो कुठून? आणि इमारतींवरच जातो का? — निवृत्त बँक कर्मचारी, लोकमान्य नगर

काका, तुमच्या दवाखान्याची पाटी मी वाचलेली नाही, पण या कामाचे मोठे झरे सांगते. एक आहे पंधराव्या वित्त आयोगाचं आरोग्य अनुदान. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशभर ७०,०५१ कोटी रुपये, स्थानिक संस्थांमार्फत खर्चायचे. त्यातले २६,१२३ कोटी शहरांसाठी. दुसरा प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानाचा. ते ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं, त्याच पाच वर्षांसाठी ६४,१८० कोटींचं. आणि रोजचा संसार चालतो राष्ट्रीय आरोग्य अभियानावर. त्याची शहरी शाखा २०१३ मध्ये आली. खेड्यांचं अभियान २००५ चं. शहरातल्या गरिबाकडे लक्ष जायला आठ वर्षं जास्त लागली, कारण सगळ्यांना वाटायचं, शहरात काय, एमवायसारखं मोठं सरकारी रुग्णालय आहेच की!

नव्या पैशाने एक मोलाचा बदल झाला. शहरी प्राथमिक आरोग्य केंद्राचं माप पन्नास हजार लोकांमागे एक असं होतं. नव्या छोट्या केंद्रांचं माप पंधरा ते वीस हजारांमागे एक असं धरलं. कागदावर तो नुसता आकडा वाटतो. वस्तीत त्याचा अर्थ असा, की कडेवरचं तापलेलं मूल घेऊन रिक्षा करायची की पायी जायचं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे गोष्टच आहे. माझी पहिली नेमणूक धार जिल्ह्यातल्या एका आदिवासी गावात होती. उपकेंद्राची इमारत नवी कोरी, पिवळा रंग, उद्घाटनाची संगमरवरी पाटी. शेजारच्या उपकेंद्रात जागा रिकामी, म्हणून दोन्ही माझ्याकडे. मी सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी नेमाने कुलूप उघडून बसायची आणि दिवसभरात दोन बायका यायच्या. माझी चिडचिड व्हायची, की यांना स्वतःच्या जिवाची काही पर्वाच नाही. मग एका म्हाताऱ्या दाईने मला सांगितलं, "बाई, तू हाटाच्या दिवशी बस ना." हाट गुरुवारी भरायचा. गुरुवारी अशीही सगळी पाड्यांवरून खाली उतरायची. मी दिवस बदलला. पहिल्याच गुरुवारी सव्वीस बायका आल्या, त्यांत सात गरोदर. एकीचे पाय इतके सुजलेले, की बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. तिला त्याच दिवशी जीपने जिल्हा रुग्णालयात पाठवलं. आई-मूल दोघं वाचली. इमारत तीच, औषधं तीच, मीही तीच होते.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं आहे, की आरोग्यावरच्या खर्चातला दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त वाटा प्राथमिक सेवेला द्यावा. मी त्याची कट्टर समर्थक आहे. पण त्या वाट्यात संध्याकाळी दवाखान्यात थांबणाऱ्या नर्सचा पगार आधी धरा, फरशी नंतर. बाग पाहायला पार्षद, म्हणजे नगरसेवक, आले, की त्यांना एवढंच विचारा : मोलकरणी, हमाल, फळवाले घरी परततात तेव्हा दवाखाना उघडा असतो का?

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली आहे. बाळ अकरा दिवसांचं. आशा कार्यकर्ती दोनदा येऊन बाळाचं वजन करून गेली. सासूबाई म्हणतात, परक्या बाईचा बाळाला हात नको, ती पैशांसाठी येते. काय करू? — एक आजी, नंदानगर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा. दवाखान्यात बाळंतपण झालं, की आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं असतं. या सहाही फेऱ्यांचे मिळून तिला ठरलेले २५० रुपये. फेरीला बेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. पैशांसाठी कोण येईल?

ती बाळाला झोळीत घालून काट्याला लावते तेव्हा वजनाबरोबर आणखी बरंच बघते. श्वास जोरात चालतो का, छाती आत ओढली जाते का, बाळ दूध ओढतं की नुसतं तोंडात धरतं, नाळेशी लाली आहे का, अंग गार पडलं आहे का. तान्ह्या बाळाला ताप येतो तसंच ते गारही पडतं, आणि गार पडलेलं बाळ रडत नाही, म्हणून घरातले म्हणतात, "किती शहाणं आहे, गुपचूप पडून असतं." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

तिला हात धुवायला साबण द्या आणि बाळ तिच्या हाती द्या. मुलीला आत पाठवू नका, तिथेच बसू दे. रक्तस्राव, ताप, टाके, याबद्दल आशा तिलाही विचारणार आहे.

प्रश्न : आमच्यासारख्या खाऊनपिऊन सुखी लोकांनी संजीवनीत जावं का? गरिबांच्या गोळ्या आपण पळवल्यासारखं नाही का होणार? — शिक्षिका, रामबाग

जरूर जा. दवाखान्याची औषधांची मागणी बरीचशी मागच्या खपावर बेतलेली असते. रजिस्टरात बीपीचे चाळीस रुग्ण दर महिन्याला गोळ्या नेताना दिसले, तर त्या हिशोबाने साठा मागवला जातो. पाचच दिसले, तर मागणीही तेवढीच जाते, आणि मग सहावी बाई रिकाम्या हाताने परत फिरते. तुम्ही गेलात तर रांग एकाने वाढेल, पण गोळ्या संपल्या तर लेखी विचारणारं, सीएम हेल्पलाइनच्या १८१ वर तक्रार नोंदवणारं एक माणूसही त्या रांगेत असेल. मूसाखेडीच्या मावशींना तेवढा वेळ नसतो.

आणि गेलात की बसायला बाकडं आहे का, प्यायला पाणी आहे का, तेही बघा. नसेल तर तिथल्या जन आरोग्य समितीची बैठक कधी असते ते विचारा. असल्या किरकोळ गरजांसाठी दवाखान्याला दरवर्षी थोडा मोकळा निधी मिळतो, आणि त्यावर बोलायला त्या बैठकीत वस्तीतलं माणूस लागतं. उन्हाळ्यात मंगळवारी लसीकरणाला आलेल्या बायका मुलांना मांडीवर घेऊन बाहेरच्या पायरीवर बसलेल्या असतात. बाकड्याचं आधी काढा.