जादूची किंमत कोण चुकवतं, ते आधी विचार

तुझा प्रश्न थोडक्यात असा : तू परभणीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. मैत्रिणींच्या आग्रहानं जॉर्ज मार्टिनचं ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ हे फँटसी, म्हणजे जादू-ड्रॅगनांच्या दुनियेतलं पुस्तक हातात घेतलंस आणि दीडशे पानांवर अडकलीस. मग नेटवर मतं वाचलीस, तर एकाच कादंबरीला कुणी शतकातली सर्वोत्तम म्हणतो, कुणी कचरा. घरात काका म्हणतात की ड्रॅगन-राक्षसांच्या गोष्टी लेकरांच्या. मग कुणाचं ऐकायचं, आणि सुरुवात कुठून करायची?

जरा सविस्तर लिहिते. हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

लातूरला आमचा लहानसा वाचनगट आहे. ट्यूशनसाठी हॉस्टेलवर राहणाऱ्या मुली, दोन गृहिणी, एक निवृत्त उर्दूचे शिक्षक आणि मी. तिथं इतकी मतं ऐकली, त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. ‘भारी आहे’, ‘बोअर आहे’, ‘जग खूप मोठं उभं केलंय’ यातून पुढच्या वाचकाच्या हाती काही लागत नाही. या पुस्तकात जादूची किंमत काय आणि ती कोण चुकवतं, हे जो सांगतो त्याच्या मताला वजन असतं. मग ते मत विरोधातलं असलं तरी चालेल. त्यावरून तुला पुस्तकाची जात कळते.

अर्सुला ली ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ घे. १९६८ सालचं, जेमतेम दोनशे पानांचं. गेड नावाचा तांबूस-सावळ्या वर्णाचा, अतिशय हुशार मुलगा जादूच्या विद्यापीठात ईर्षेपोटी नको ती विद्या करून दाखवायला जातो. त्यातून जगाला फट पडते आणि एक काळी सावली आत सुटते. ती फट बुजवताना तिथला सर्वात मोठा, वृद्ध जादूगार जीव गमावतो आणि गेडच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात. पुढचं सगळं पुस्तक त्या सावलीचं आणि गेडचं आहे. लढाया नाहीत, सैन्यं नाहीत. ‘काहीच घडत नाही’ अशी तक्रार याच्याबद्दल पुष्कळजण करतात. माझ्या मते त्यात फार मोठं काही घडतं : एक मुलगा स्वतः केलेल्या गोष्टीकडं पाठ फिरवायचं थांबवतो.

आता ज्या पुस्तकाबद्दल मला खरं बोलायचंय ते एन. के. जेमिसिनचं ‘द फिफ्थ सीझन’, २०१५ चं. तीन पुस्तकांच्या मालिकेतलं हे पहिलं. तिन्ही पुस्तकांना २०१६, २०१७ आणि २०१८ असा ओळीनं ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीसाठीचा मोठा पुरस्कार मिळाला. असं त्याआधी कुणाच्याच बाबतीत झालं नव्हतं. कथा अशा खंडावरची आहे जिथं जमीन सारखी हलते. मोठा उत्पात झाला की वर्षानुवर्षं सूर्य दिसत नाही, पीक येत नाही. त्या काळालाच तिथले लोक पाचवा ऋतू म्हणतात. काही माणसांत जन्मतःच भूकंप शमवायची ताकद असते, आणि तीच माणसं तो घडवूही शकतात. ती ताकद वापरताना भोवतालची ऊब ओढली जाते, जवळचं जिवंत काहीही गोठून मरू शकतं. म्हणून लोक त्यांना भितात, शिवी देऊन हाक मारतात, लहानपणीच ताब्यात घेतात आणि राबवतात. पहिल्याच प्रकरणात एका बापानं आपल्या तीन वर्षांच्या लेकराला मारलेलं आहे, कारण त्याच्यात ती ताकद दिसली.

नेटवर या पुस्तकाबद्दल वारंवार दिसणारं मत असं : दुःख जरा जास्तच आहे, आणि ‘तू असं केलंस, तू तिथं गेलीस’ अशा निवेदनानं दम लागतो. निवेदनाची अडचण मला मान्य आहे. पहिली पन्नास पानं जड जातात. पण दुःखाबद्दल आमच्या गटात कुणी अवाक्षर काढलं नाही. हे लातूर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि आसपासची गावं झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसं मेली. घरं दगड-मातीची, वर जड माळवद. ज्या भिंतींनी ऊन अडवलं त्याच अंगावर आल्या. त्यानंतर कितीतरी दिवस माणसं धडक्या घरातही झोपायला तयार नव्हती, अंगणात, रस्त्यावर, तंबूत झोपायची. गटातल्या एकीचं माहेर औसा तालुक्यातलं. पुस्तकातली माणसं धान्य किती साठवायचं, तट कसा बांधायचा, संकटात वस्तीत कुणाला ठेवायचं आणि कुणाला बाहेर काढायचं याचे पिढीजात नियम दगडी पाट्यांवर कोरून ठेवतात. ते वाचून ती म्हणाली, ‘‘असे नियम आमच्याकडं आधी कुणी लिहून ठेवले असते, तर माझी आजी राहिली असती.’’ त्यानंतर आम्ही बराच वेळ पुस्तकावर बोललोच नाही, भिंतींवर बोलत बसलो.

किंमत कोण चुकवतं म्हणते मी, ते हेच. त्या कादंबरीत भूकंप थांबवणारा माणूसच सर्वात हीन ठरवलेला आहे. सगळ्यांची झोप ज्याच्या जिवावर, त्याला वस्तीत जागा नाही. हे वाचायला अमेरिकेतला काळ्या माणसांच्या गुलामगिरीचा इतिहास माहीत असेल तर उत्तमच, पण आपल्या गावकुसाबाहेरच्या वस्त्या पाहिलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

ब्रँडन सँडरसनबद्दल मतं दुभंगलेली दिसतील. त्याच्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये (२००६) माणसं धातूचे कण गिळतात आणि पोटात ‘जाळतात’. पोलादानं धातू दूर ढकलता येतो, लोखंडानं ओढता येतो. आपल्यापेक्षा जड वस्तू ढकलली तर आपणच मागं फेकले जातो, आणि धातू संपला की ताकदही संपली. जादूनं पेच सोडवायचा असेल तर ती जादू वाचकाला आधी नीट समजलेली हवी, असं सँडरसन स्वतः मांडतो. काहींना हे फार हिशेबी वाटतं. आमच्या उर्दूच्या सरांना मात्र लगेच आपलं वाटलं. त्यांच्या वडिलांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, घरात दास्तानांचं, म्हणजे लांबलचक अद्भुत कथांचं वाचन. त्यातलीच उर्दू ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ लखनऊला १८८३ पासून छापली जाऊ लागली. तिच्यातल्या मायावी मुलखालाही कायदा असतो, आणि तो मुलूख कसा मोडायचा ते एका पाटीवर लिहिलेलं असतं. ती पाटी हाती लागल्याशिवाय कितीही शूर वीर आत अडकतोच. सर म्हणाले, ‘‘मायेला कायदा असला तरच माणसाच्या अकलेला काम उरतं.’’ मला हे पटतं. तरी सँडरसनची हजार-हजार पानांची ‘स्टॉर्मलाइट’ मालिका तू आत्ता उघडू नकोस.

जॉर्ज मार्टिनकडं वळते. तू अडकलीस यात नवल नाही. त्याच्या प्रत्येक प्रकरणाला पात्राचं नाव असतं आणि दर वेळी माणूस बदलतो. शिवाय सुरुवातीला जादू जवळजवळ नाहीच, किंमत चालते ती सत्तेची. ती बहुतेकदा लेकरं आणि बायका चुकवतात. गटातल्या एका गृहिणीनं बायकांवरच्या अत्याचारांचं वर्णन सोसवेना म्हणून दुसरा भाग अर्ध्यात सोडला. तिचं मत मी मोलाचं मानते, कारण का सोडलं हे तिनं नेमकं सांगितलं. दुसरी तक्रार अपुरेपणाची. १९९६ ला सुरू झालेल्या मालिकेचा पाचवा भाग २०११ ला आला, पुढचा अजून नाही. पॅट्रिक रॉथफसच्या मालिकेचंही तसंच, दुसरा भाग २०११ चा आणि तिसऱ्याची वाट. आपले कान श्रावणातल्या कहाण्यांवर वाढलेले, साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी का होईना पण सुफळ संपूर्ण व्हावीच लागते. त्यामुळं हा राग मला रास्त वाटतो.

हॉस्टेलच्या मुली सध्या ड्रॅगन आणि प्रेमकथा एकत्र असलेली ‘फोर्थ विंग’सारखी पुस्तकं रात्रीतून संपवतात. त्यांना नावं ठेवणं मला आवडत नाही. माझी तक्रार एवढीच, की तिथं मरतात ती बहुधा आपली नीट ओळखही न झालेली माणसं.

आता काका. त्यांना पैठणचं सांग. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त, या जुन्या संस्कृत कथासंग्रहात, गुणाढ्याची गोष्ट आहे, पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातली. त्यानं रानात बसून सात वर्षांत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजानं ती नाकारली : भाषा हलकी, आणि वर रक्ताची अक्षरं. मग गुणाढ्य एकेक पान जनावरांना वाचून दाखवू लागला आणि आगीत टाकू लागला. हरणं, डुकरं चरणं सोडून रडत ऐकत बसली. राजाच्या ताटात वाळलेलं मांस येऊ लागलं, तेव्हा त्याला रानातली बातमी कळली. तो धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरलेल्या एका लाखातून विद्याधरांच्या, वेताळाच्या कथा पुढं चालत राहिल्या. आणि अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात राक्षसिणींच्या बेटावर सापडलेल्या सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची अख्खी कथा भिंतीवर रंगवली आहे. ती मोठ्या माणसांनी, मोठ्या माणसांसाठी रंगवली.

सुरुवात ‘अर्थसी’नं कर. त्यानंतर सुझॅना क्लार्कचं ‘पिरानेसी’ (२०२०) : अंतहीन दालनांचं घर, आत समुद्राच्या भरत्या, आणि रोजनिशी लिहिणारा एक निरागस माणूस. तीनशेच्या आतली पानं, एकाच पुस्तकात पूर्ण. त्याच्याबद्दल काही वाचू नकोस, पाठचं कव्हरसुद्धा नको. मग ‘मिस्टबॉर्न’चे पहिले तीन भाग, आणि मन घट्ट असेल तेव्हा जेमिसिन. इंग्रजी अडलं तर प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नकोस, दोन पानं पुढं गेलीस की बहुतेक शब्द आपोआप लागतात. नावांसाठी मात्र एक चिठ्ठी पुस्तकातच ठेव : कोण, कुणाचा, कुठला. मार्टिन परत उघडशील तेव्हा आर्या किंवा टिरियन, यांपैकी ज्याचं प्रकरण आवडेल त्याच्या मागं जा. बाकीची माणसं शंभरेक पानांत ओळखीची होतील. आणि ‘पिरानेसी’ संपलं की इथं लिही, मला त्याच्यावर बोलायला कुणीतरी हवंच आहे.